ठमीचा पहिला दिवस

३ सप्टेंबर, बुधवार

टाचणी टोचली, मी म्हणाले. टोचली नव्हती.

सकाळी फिरून आलं की ठमीला मागून पांढऱ्या अस्तराच्या तुकड्याने टिपायचं, हा महिनाभराचा रिवाज. शिवणातले उरलेले तुकडे ढीगभर पडलेत, त्यांचा तेवढाच उपयोग. ठमी महा टापटिपीची! थेंब पडायच्या आत चाटूनपुसून मोकळी. माजावर आली तरी फरशीवर डाग दिसेल तर शपथ. म्हणून हे टिपणं. आज तुकडा उलटा केला तर मधोमध गुलाबी ठिपका. शर्टाच्या बटणाएवढा.

तेवढ्यात हे मागे येऊन उभे. ‘‘सुरू झालं वाटतं.’’

आणि माझ्या तोंडून गेलं, ‘‘छे हो, माझं बोट आहे. टाचणी टोचली.’’

कॅलेंडरशेजारी दोऱ्याने बांधलेली पेन्सील असते, ती ह्यांनी हातात घेतलीसुद्धा होती. सोडून दिली. ‘‘जपून,’’ म्हणाले आणि पेपर वाचायला गेले.

मग मी न्हाणीघरात जाऊन डाव्या हाताच्या बोटाला पट्टी लावली. न टोचलेल्या! या वयात!

दिवसभर नळवाला घरात. मोरीखालचा पाइप बदलला, सगळीकडे चिखल करून गेला. बरंच झालं, कामात दिवस गेला.

४ सप्टेंबर

खोटं का बोलले ते लिहून ठेवते. नाहीतर उद्या माझं मलाच पटायचं नाही.

ठमी आमची नाही, केंद्राची. अंध माणसांना वाट दाखवणारी कुत्री तयार करतात ते केंद्र. पिल्लं देणाऱ्या कुत्र्या तिथे पिंजऱ्यात ठेवत नाहीत, घरोघरी सांभाळायला देतात. आमच्याकडे ठमी चार वर्षं आहे. कागदावर तिचं नाव भलतंच भारदस्त आहे, त्या नावाने हाक मारली तर ती आमच्याकडे असं बघते की पाहुणे आलेत कुणी.

आपलं काम एवढंच – खायला घालायचं, फिरवायचं, आणि माज सुरू झाला की पहिल्याच दिवशी केंद्राला फोन करायचा. तिथून दिवस मोजतात. अकराव्या दिवशी व्हॅन येते. अकराव्या आणि तेराव्या दिवशी नर दाखवतात. म्हातारे डॉक्टर होते तोवर हाच शिरस्ता. दोनदा नेली ठमीला. दोन्ही वेळा तिने नवरदेवाकडे ढुंकून पाहिलं नाही, बूड टेकून बसली आणि गुरगुरली. शेवटी धरून उरकलं. दोन्ही वेळा गाभण राहिली नाही.

नियम असा की तीनदा फुकट गेलं की ऑपरेशन करून कुत्री सुटी. ज्यांनी सांभाळली त्यांची कायमची.

आणि दुसरा नियम असा की आई होणारी कुत्री केंद्रापासून तासाभराच्या आत राहिली पाहिजे.

आम्ही डिसेंबरच्या आत लेकीच्या गावी चाललो. पाच तासांवर. ह्यांचं जरा विसरणं वाढलंय – चष्मा फ्रिजमध्ये, एकदा दूध गॅसवर ठेवून खाली गप्पा मारत बसले. लेक म्हणाली, ‘‘आता पुरे. इकडे या दोघं.’’ तिचंही बरोबर आहे.

तर गणित असं. या वेळी राहिलं तर ठमी दुसऱ्यांच्या घरी. नाही राहिलं तर ठमी आमच्याबरोबर.

आठवडाभर उशिरा फोन केला की त्यांचा अकरावा दिवस म्हणजे खरा अठरावा. म्हातारे डॉक्टरच म्हणायचे, ‘‘वहिनी, वेळ गेली की गेली. मग नुसती धावपळ.’’

जाऊ दे गेली तर.

६ सप्टेंबर

फिरवायला आता मीच नेते. ह्यांना म्हटलं, तुमचे गुडघे दुखतात, बसा.

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याचा कुत्रा लाळ गाळत फाटकापर्यंत आला! त्याला कळायला बरं कुणाचा फोन लागत नाही. छत्रीने हाकलला. सायकलवाला दुकानातून ओरडतो, ‘‘काकू, काय झालं हो त्याला आज?’’ मी म्हटलं, ‘‘मला काय विचारता, त्यालाच विचारा!’’

कोटाची बाही उसवून लावून द्यायची होती. पट्टीमुळे कात्री नीट धरता येईना. आता ही पट्टी आणखी किती दिवस मिरवायची कोण जाणे.

७ सप्टेंबर

मागची बाजू चांगलीच सुजलीय. ह्यांच्या नजरेस पडू नये म्हणून ठमीला दिवसभर शिवणाच्या खोलीत घेऊन बसले. ती खूश. मशीनच्या पायाशी झोपते, पायटा हलला की मिशा हलतात.

संध्याकाळी ह्यांनी ठमीचा वाडगा तिथेच आणून ठेवला.

१० सप्टेंबर, बुधवार

फोन केला. ‘‘आज सकाळी दिसलं,’’ म्हटलं. आवाज अजिबात कापला नाही. मीच चकित झाले.

फोनवर नवी डॉक्टरीणबाई. म्हातारे डॉक्टर निवृत्त झाले म्हणे. ही तरुण आहे, भराभर बोलते. ‘‘काकू, आजच दिसलं, की आधीपासून असेल नि तुमच्या लक्षात आलं नसेल? चाटून टाकतात पुष्कळ जणी.’’ मी म्हटलं, ‘‘मी रोज कापडाने टिपते.’’ ‘‘अरे वा! असं करणारं कुणी भेटत नाही!’’

झालं. कौतुक पण पदरात पडलं.

फोन ठेवला तेव्हा हे कॅलेंडरसमोर उभे. ‘‘आज दहा का?’’ विचारलं. म्हटलं, ‘‘हो, दहा.’’ त्यांनी दहाच्या चौकोनात फुली मारली. बारीक, सुबक. चौतीस वर्षं बस डेपोत कंट्रोलर होते, कुठली गाडी किती वाजता सुटली ते लिहिण्यात आयुष्य गेलं. फुली मारायची तर अशीच मारणार.

पट्टी काढून टाकली.

१५ सप्टेंबर

लेकीचा फोन. तिच्याकडच्या खोलीला रंग लावून झाला. ‘‘आई, ठमीचं काय ठरलं?’’ म्हटलं, ‘‘बघू, तिचं नशीब.’’ ती म्हणाली, ‘‘कुत्र्यासाठी अडून बसू नकोस हं.’’

अडून कुठे बसलेय? मी तर पुढचं बघतेय.

२० सप्टेंबर, शनिवार

आज नेली. पुष्कळ लिहायचंय, चहा घेऊनच बसले.

व्हॅन नऊला आली. हे पुढे बसले, मी मागे ठमीजवळ. केंद्रात बाकावर एक बाई बसलेली, पन्नाशीची, हातात पांढरी काठी. ठमीच्या पायांचा आवाज ऐकून म्हणाली, ‘‘हात लावू का?’’ लावला. कान, कपाळ, मान सगळं सावकाश. ‘‘ही आई होणार?’’ मी म्हटलं, ‘‘बघायचं.’’ म्हणाली, ‘‘दोन वर्षं झाली नाव घालून. गेल्या वेळीही म्हणाले होते, एका कुत्रीला राहिलं की तुमचा नंबर.’’

गेल्या वेळची ती एक कुत्री म्हणजे आमची ठमीच. मी पिशवीत काहीतरी शोधत राहिले.

डॉक्टरीणबाईंनी कापसाच्या लांब काडीने आतला ओलावा घेतला, काचेवर फिरवला, निळ्या रंगात बुडवला. मग पायातून रक्त. केंद्रात नवीन यंत्र आलंय, याच सोमवारी. ‘‘आता नुसते दिवस मोजून चालायचं नाही. रक्तातला एक आकडा बघायचा. तो चढला की समजायचं बीज सुटलं.’’ तासभर थांबलो. ह्यांनी भिंतीवरचे सगळे तक्ते वाचून काढले.

मग त्या उड्या मारतच बाहेर आल्या. ‘‘काका, काकू, याला म्हणतात नेम! कालच सुटलंय बीज!’’

म्हटलं, ‘‘कालच?’’

‘‘कालच. आणि कुत्र्यांचं कसं आहे, बीज सुटतं ते कच्चं. पिकायला दोन दिवस लागतात. म्हणजे आज नि परवा, दोन्ही दिवस अगदी नामी. अकरावा दिवस! पुस्तकात लिहावा असा!’’

मी बोटांवर मोजलं, पिशवीच्या आड. तीन तारखेपासून. अकरावा नाही, अठरावा. वेळ गेलेली नाही. वेळ आजच आली आहे. मी आठवडा पुढे ढकलला तो नेमका तिच्या वेळेवर नेऊन ठेवला!

आणि खरी तारीख सांगितली असती तर? गेल्या शनिवारीच नेली असती. ती पुन्हा बूड टेकून गुरगुरली असती. फुकट गेलं असतं. आज ठमी माझी झाली असती.

हसावं की डोकं आपटावं!

नवरदेव आले. काळे, रुंद छातीचे, एका कानाला चीर पडलेली. ठमीने शेपूट एका बाजूला केली आणि खांबासारखी उभी राहिली. निर्लज्ज कुठली. धरायलाही लागलं नाही.

पण खरा प्रकार त्यानंतर. डॉक्टरीणबाई जुनी फाइल चाळत म्हणाल्या, ‘‘कुत्री तर अगदी ठणठणीत आहे. मग मागच्या दोन्ही वेळी का बरं चुकलं? पहिला दिवसच चुकीचा कळवला असणार. बसून गुरगुरली असं लिहिलंय, म्हणजे बीज सुटायच्या आठवडाभर आधीच नेलीय हिला. तारखा कोण ठेवायचं तेव्हा?’’

तेव्हा तारखा हे ठेवायचे.

हे म्हणाले, ‘‘मीच. चुकल्या असतील माझ्याच.’’

चुकल्या असतील! चौतीस वर्षांत एक गाडी चुकीच्या वेळेला लिहिली नाही असा माणूस. सात मिनिटं उशिरा सुटली तर सात लिहिणार, आठ नाही. डॉक्टरीणबाई चटकन म्हणाल्या, ‘‘होतं हो काका, वयात होतंच.’’ हे नुसते हसले.

व्हॅनमध्ये ठमी घोरत होती.

२२ सप्टेंबर

दुसऱ्यांदा. पुन्हा खांबासारखी उभी. हे आले नाहीत, म्हणाले, ‘‘तूच जा, माझं काय काम.’’

२९ सप्टेंबर

लेकीला काल फोनवर सहज सांगितलं होतं, केंद्रात काय काय झालं ते. सहज कसलं! सगळं वगळून तेवढंच सांगितलं, ह्यांच्या जुन्या तारखांचं. मला कुणीतरी ‘असं नसेल गं’ म्हणायला हवं होतं बहुतेक. ती उलटच म्हणाली, ‘‘बघ आई! म्हणजे हे वर्षभरापासून चालू आहे. आपल्या लक्षातच आलं नाही.’’

आज परत फोन. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. पुढच्या महिन्यात ती स्वतः येणार.

२ ऑक्टोबर

ह्यांच्यामागून जाऊन मी गॅस बघते. बंद असतो. तरी बघते. आज त्यांनी मला बघताना पाहिलं. पेल्यात पाणी ओतून घेतलं.

९ ऑक्टोबर

ठमी सकाळी ओकली. मग दुपारी माझ्या कापडांवर झोपून राहिली. खाण्याकडे बघेना.

मला कळतंय ते. तरी मनात म्हणत होते, काहीतरी खाल्लं असेल रस्त्यात.

१८ ऑक्टोबर, शनिवार

आठ!

सोनोग्राफीच्या पडद्यावर काळ्या काळ्या पिशव्या, प्रत्येकीत एक ठिणगी लुकलुकणारी. डॉक्टरीणबाई मोजत होत्या – पाच, सहा, थांबा, ही पलीकडे लपलीय. आठ! याहून कमी तर नाहीत, म्हणाल्या. मी ठमीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. रडले. त्यांना वाटलं आनंदाने. थोडं आनंदानेही असेल.

मग पुढचं ठरलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ठमीला नवीन घर. नदीपलीकडे एक जोडपं आहे, दोघं शिक्षक, मोठं अंगण. नंतर पिल्लं व्हायच्या वेळी केंद्रात. मी विचारलं, ‘‘आणि पुढच्या वेळी?’’

‘‘पुढच्या वेळी तेच. पहिल्या दिवशी त्यांचा फोन, अकराव्या दिवशी व्हॅन. आता हिची वेळ आपल्याला माहीतच झालीय. यंत्रावर दुसऱ्या कुत्र्यांची गर्दी आहे, हिचं रक्त पुन्हा पुन्हा काढायची गरज नाही.’’ मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, ‘‘काकू, पुढे कधी जमेनासं झालं ना, तर तिला सोडताना पहिला फोन तुम्हालाच. कितीही लांब असलात तरी.’’

घरी येईपर्यंत डोकं चालू होतं.

ती दोघं शिक्षक. खरंच पहिल्या दिवशी फोन करतील. खऱ्या अकराव्या दिवशी नेतील. ठमी बूड टेकून बसेल, गुरगुरेल. एकदा, दोनदा. मग कंटाळतील आणि मला फोन येईल. मला काहीच करायचं नाही. नुसतं गप्प राहायचं.

संध्याकाळी मी गाणं गुणगुणत होते म्हणे. हे म्हणाले, ‘‘आज स्वारी खुशीत!’’

१९ ऑक्टोबर

ती काठीवाली बाई डोळ्यांपुढून हलत नाही. ठमीच्या कपाळावरून हात फिरवताना तिने श्वास रोखून धरला होता. या वेळी तिला मिळेल. पण तिच्या मागेही कुणी बाकावर बसलेलंच असेल की.

२५ ऑक्टोबर

लेक आली. येताना ठमीसाठी खाऊ. ह्यांना नवा स्वेटर. घरातली निम्मी भांडी तिने ‘‘ही काय करायची?’’ म्हणत बाजूला काढली. तिचं प्रेम असंच, खसखसून घासल्यासारखं.

ह्यांच्याशी हळू आणि मोठ्याने बोलते. बहिरे थोडेच आहेत ते!

२७ ऑक्टोबर, सोमवार

मेंदूचे डॉक्टर. दवाखाना तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. हे माझ्याआधी चढले.

डॉक्टर भले होते. ह्यांना घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हणाले. ह्यांनी काढलं. मिनिटांच्या रेघांसकट! डॉक्टर हसले. पाच शब्द सांगितले, थोड्या वेळाने विचारले, हे चार म्हणाले. मला विचारलं असतं तर मी तीनच म्हटले असते.

मग डॉक्टरांनी लेकीकडे वळून विचारलं, ‘‘घरात काय जाणवलं तुम्हाला?’’ लेक बोलू लागली. चष्मा, दूध. आणि मग, ‘‘आमच्याकडे एक कुत्री आहे. तिच्या तारखा बाबा ठेवायचे. दोन वेळा साफ चुकीच्या ठेवल्या. बाबा, म्हणजे तारखांच्या बाबतीत बाबा! तेव्हाच मी घाबरले.’’

डॉक्टरांनी लिहून घेतलं. ‘‘हं. हे जरा वेगळं आहे,’’ म्हणाले. ‘‘चष्मा सगळेच विसरतात. पण जन्मभराची सवय चुकते, ते आपण लक्षात ठेवायचं.’’ गोळी लिहून दिली. सहा महिन्यांनी परत दाखवा.

आणि हे? हात मांडीवर ठेवून बसले होते. शाळेत उभं केलेल्या मुलासारखे. एकदाही नाही म्हणाले की अहो, माझ्या तारखा बरोबर होत्या.

मला उठून ओरडायचं होतं. ओरडले नाही. लेकीसमोर, डॉक्टरांसमोर तोंड उघडेना.

औषधवाल्याकडे हे म्हणाले, ‘‘गोळी सकाळी की रात्री, नीट विचारून घे हं. मी विसरेन.’’

मला माझीच शिसारी आली. लिहिलं, बरं झालं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

लेक सकाळच्या गाडीने गेली. तिला लावून देऊन आले आणि ह्यांना म्हटलं, ‘‘कपडे घाला. केंद्रात जायचंय.’’ ‘‘आज? ठमीचं काही आहे?’’ ‘‘आहे.’’ काही न विचारता शर्ट घातला. ठमीलाही घेतलं. पोट आता डावीउजवीकडे डुलतं तिचं.

डॉक्टरीणबाई पिल्लांना टोचत होत्या. म्हटलं, पाचच मिनिटं द्या. ह्यांना खुर्चीवर बसवलं. मी उभीच. बसले असते तर उठून पळाले असते.

‘‘तुम्हाला मी पहिला दिवस खोटा सांगितला. दहा तारखेला नाही, तीनला सुरू झालं होतं. मला वाटलं उशीर झाला की वेळ टळेल, आणि ठमी आमची होईल.’’

डॉक्टरीणबाईंचा हात तसाच, सुई वर. मग सुई ठेवली. काहीतरी पुटपुटत मोजायला लागल्या. मी शिव्या खायला तयार होते. आणि त्यांचा चेहरा बघते तर काय, उजळला!

‘‘म्हणजे हिचं बीज सतराव्या दिवशी सुटतं! बाई गं! म्हणून ती बसायची नि गुरगुरायची! ती ओरडून सांगत होती, अजून वेळ आहे, आणि आम्ही धरून…’’ फाइल ओढली, जुन्या पानावर गेल्या. ‘‘म्हणजे काकांच्या तारखा बरोबर होत्या. दोन्ही वेळच्या. चूक आमची. आम्ही अकरा धरून बसलो.’’

ह्यांनी ठमीच्या कानामागे खाजवणं थांबवलं नाही. म्हणाले, ‘‘गाडी लेट होती. नोंद बरोबर होती.’’

मग मात्र डॉक्टरीणबाईंना राग आला. यायलाच हवा होता. ‘‘काकू, बाकावर माणसं बसलीत बाहेर, वर्ष-वर्ष. तुम्ही हे करावं?’’ मी मान खाली घातली. सफाई काय देणार. त्या म्हणाल्या, ‘‘आणि खरं सांगितलं असतंत ना, तर गंमत म्हणजे…’’ म्हटलं, ‘‘माहीत आहे. सगळं मोजून झालंय माझं.’’

फाइलवर त्यांनी लाल शाईने मोठं लिहिलं – हिचे दिवस मोजू नयेत, चौदाव्यापासून दर दोन दिवसांनी रक्त बघावं. मला वाचून दाखवलं. म्हणजे संपलंच. आता ठमी कधी चुकणार नाही. मला फोन यायचा नाही.

येताना हे खिडकीतून बाहेर बघत होते. मी म्हटलं, ‘‘माझ्यामुळे तुम्हाला काल…’’ ते म्हणाले, ‘‘असू दे गं. आज भूक लागलीय चांगली.’’

लेकीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, ‘‘बाबांना दे.’’ दोघं काय बोलले माहीत नाही. हे हसत होते.

३१ ऑक्टोबर

ह्यांच्यामागून गॅस बघणं बंद केलं. गोळीचं लेक डॉक्टरांशी बोलतेय. चष्मा आजही फ्रिजमध्ये सापडला. तो तिथे सापडतोच!

४ नोव्हेंबर

ठमी गेली.

शिक्षिकाबाई चांगल्या आहेत. तिची चादर, वाडगा, चावून चोथा केलेला बूट दिला. पांढऱ्या अस्तराचे तुकडेही दिले, गठ्ठा बांधून. कसं टिपायचं ते दाखवलं. ‘‘ही फार स्वच्छ आहे,’’ म्हटलं, ‘‘लक्ष ठेवा. दिसलं की त्याच दिवशी फोन करा.’’

गाडीत चढताना तिने मागे वळून पाहिलं नाही. खाऊ दिसत होता पुढे. अगदी माझीच आहे.

५ नोव्हेंबर

मशीनचा पायटा हलवला आणि खाली बघितलं. फार वाईट वाटतंय. यापेक्षा जास्त लिहिता येत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

डॉक्टरीणबाईंचा फोन. आठही सुखरूप. पाच पिवळी, तीन काळी. ‘‘काकू, बीज सुटल्यापासून बरोबर त्रेसष्टावा दिवस! त्यात मात्र या कधी चुकत नाहीत.’’ ठमी दमलीय पण जेवली. काठीवाल्या बाईला कळवलं. ती फोनवर रडली म्हणे.

हे कॅलेंडरकडे गेले. एकवीसच्या चौकोनात आठ बारीक फुल्या. मावल्या.

३० नोव्हेंबर

सामान बांधून झालं. औषधांचा डबा हे आवरत होते. पट्ट्यांचं पाकीट माझ्यापुढे धरून म्हणाले, ‘‘ठेवायचं का टाकायचं? बोट बरं झालं का तुझं?’’

मी नकळत बोट पुढे केलं.

‘‘बुधवारी डावं टोचलं होतं. शनिवारी पट्टी उजव्या बोटाला! डेपोत अशी गाडी मी फाटकाबाहेर सोडली नसती.’’

म्हणजे सुरुवातीपासूनच माहीत होतं. डॉक्टरीणबाईंसमोर ‘‘चुकल्या असतील माझ्याच’’ म्हणून माझं खोटं झाकलं तेव्हाही. मेंदूच्या डॉक्टरांपुढे हात मांडीवर ठेवून बसले तेव्हाही.

पाकीट ठेवलं.